नागोयाला दोन वर्षं जातोय, सिगरेट ओढतो. कितपत जड जाईल?

गिरणगावकर

मंडळी, नमस्कार. कंपनी जपानात, नागोयाला पाठवतेय. मी सप्टेंबरात निघतो, बायको आणि लेक दिवाळीनंतर येतील. प्रश्न जरा लाजिरवाणा आहे. दिवसाला सात-आठ सिगरेटी होतात. लोअर परळला ऑफिसखाली टपरी आहे, लायटर सुतळीने बांधलेला, कटिंगबरोबर एक ठरलेली. सुटी सिगरेट विकायला २०२० पासून महाराष्ट्रात बंदी आहे, पण आमच्या टपरीवाल्याला ते कोणी कळवलेलं दिसत नाही.

मागच्या वर्षी तिकडचे एक साहेब आले होते, पन्नाशीचे. त्यांना टपरीवर नेलं. दोन ओढून झाल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्या पायाशी थोटूकच नाही. गृहस्थाच्या खिशात चपटी डबी होती. राख तिच्यात, थोटूक तिच्यात, झाकण टक्. आम्ही सगळे थोटकांच्या सड्यावर उभे, बाजूला उघडं गटार, आणि हा माणूस डबी खिशात ठेवतोय. तेव्हापासून डोक्यात किडा आहे.

यूट्यूबवर एक म्हणतो जपानी लोक धुराडी आहेत, दुसरा म्हणतो रस्त्यात पेटवली की दंड. खरं काय? आणि हसणार नसाल तर अजून एक. होळीला सासुरवाडीला, वसईला, थंडाईतून भांग होते, वर्षातून एकदाच. त्याचं तिकडे काय?

चाळीतला_बंड्या

सोडून दे की. दोन वर्षांचा खर्च वाचेल. (मी स्वतः चौदा वेळा सोडली आहे, अनुभवाचे बोल.)

पार्लेकरीण

दोन्ही यूट्यूबवाले खरं बोलतायत. मी दुभाष्याचं काम करते, २०१६ ते २०२१ नागोयातच होते, आता परत पार्ल्यात.

तिथला हिशेब आपल्या उलटा होता. आपल्याकडे हॉटेलात, ऑफिसात २००८ पासून बंदी आणि रस्ता मोकळा. तिकडे आधी रस्ता बंद झाला. तोक्योच्या चियोदा वॉर्डाने २००२ मध्ये दंड लावला, मग बाकीच्या शहरांनी. कारण साधं आहे. चालताना हात खाली असतो आणि जळतं टोक लहान पोराच्या डोळ्यांच्या उंचीला येतं. नागोयात स्टेशनचा परिसर, साकाए वगैरे भागांत २००० येन दंड आहे. उलट खानावळीत बिनधास्त. पहिल्या आठवड्यात ऑफिसच्या मंडळींनी इझाकायात नेलं, म्हणजे दारू आणि चकणा मिळतो तसलं हॉटेल. समोरच्याचा चेहरा धुरात दिसेना. घरी येऊन स्वेटर धुतला, दोनदा. १ एप्रिल २०२० पासून कायद्याने आतही बंदी आली, पण जुन्या छोट्या हॉटेलांना सवलत आहे, दारावर पाटी बघायची. टोकाइदो शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनमधल्या धुम्रपानाच्या खोल्याही मार्च २०२४ मध्ये गेल्या.

तंबाखू वाईट म्हणून हे सगळं झालं, असं मात्र समजू नका. जपान टोबॅको या सिगरेट कंपनीचे एक तृतीयांशाहून जास्त शेअर सरकारने ठेवायचे असा कायदाच आहे. दुकानात मालक भागीदार, दारात मालकच शिपाई! १९६६ च्या पाहणीत तिथले ८३.७ टक्के पुरुष ओढायचे, २०१९ च्या सरकारी पाहणीत २७.१. एवढी घसरण झाली तरी मला पाच वर्षांत कुणी 'फुफ्फुसं जातील हो' म्हणून हटकताना दिसलं नाही. तिथला शब्द आहे 'मेइवाकु', आपल्यापायी दुसऱ्याला होणारा त्रास. तुमच्या साहेबांची डबी त्यातलीच. तिला केइताइ हाइझारा म्हणतात, खिशातला ॲशट्रे. स्वतःच्या छातीचं काही का होईना, राख दुसऱ्याच्या अंगणात पडता कामा नये.

आता तुमच्या कामाचं. फ्लॅट घ्याल तेव्हा बाल्कनीत जाऊन पेटवू नका. बायको आत ओढू देत नाही म्हणून रात्री बाल्कनीत उभ्या राहणाऱ्या नवऱ्यांना तिथे 'होतारू-झोकु' म्हणतात, काजव्यांची जमात. लांबून अंधारात टोकं लुकलुकतात ना. नाव गोड आहे, पण २०१२ मध्ये नागोयाच्याच कोर्टाने अशा एका काजव्याला वरच्या मजल्यावरच्या बाईंना ५०,००० येन भरपाई द्यायला लावली.

माझाही काजवा झाला होता. गणपतीत बाल्कनीत धूप घातला, पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी टपालपेटीत कागद. नाव नाही, फ्लॅट नंबर नाही, फक्त 'अलीकडे बाल्कनीतून धूर येत असल्याचे काही रहिवाशांनी कळवले आहे, सर्वांनी सहकार्य करावे'. प्रत्येक पेटीत तोच कागद होता, आणि लिफ्टमध्ये कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. पुढची चार वर्षं आरती खिडक्या लावून केली.

भांगेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. वसईला होळीत प्यायलात ते कोणी सप्टेंबरात शोधत येणार नाही, पण तिथे 'एकदाच, सणाला' हे वाक्यच चालत नाही. १९४८ च्या कायद्यात गांजा बाळगणं गुन्हा होता, ओढणं नव्हता. १२ डिसेंबर २०२४ पासून ओढणंही गुन्हा झालं, सात वर्षांपर्यंत कैद. आरोप ठेवण्याआधीच २३ दिवस कोठडीत ठेवू शकतात.

कायद्यापेक्षा लोक जड आहेत. मार्च २०१९ मध्ये पिएर ताकी हा नट कोकेनच्या प्रकरणात पकडला गेला. डिस्नेच्या बर्फातल्या राजकन्यांच्या सिनेमात ओलाफ नावाचा बर्फाचा पुतळा आहे ना, त्याचा जपानी आवाज याचा. तो आवाजच बदलला. त्या दुपारी आमच्या कँटीनच्या टीव्हीवर हेच चालू होतं. शेजारी बसलेले सहकारी दिवसाला वीस ओढणारे, जेवून लगेच काचेच्या खोलीत पळणारे. ते चॉपस्टिक्स खाली ठेवून म्हणाले, 'आता हा तोंड कसं दाखवणार?' बरा कसा होणार, असं टेबलावर कुणीच विचारलं नाही. मीही नाही. आणि मग ते सिगरेट ओढायला गेले.

गिरगावचा_केमिस्ट

ताई, छान लिहिलंत. मी मेडिकल चालवायचो, आता मुलगा बघतो. त्या कडकपणामागे इतिहास आहे. मेथॲम्फेटामिन हे नशेचं उत्तेजक पहिल्यांदा बनवलं ते जपानी रसायनशास्त्रज्ञाने, नागाइ नागायोशी, १८९३. त्याआधी त्यानेच माहुआंगमधून एफेड्रिन वेगळं काढलं होतं. माहुआंग म्हणजे आपल्याकडे जिला सोमलता म्हणतात तिची चुलतबहीण. १९४१ पासून मेथॲम्फेटामिन 'फिलोपॉन' नावाने दुकानात मिळायचं, झोप उडवायला. युद्धात सैनिकांना आणि कारखान्यातल्या कामगारांना दिलं, युद्ध संपल्यावर उरलेला साठा बाजारात आला आणि हजारो लोक त्यात अडकले. १९५१ मध्ये कायदा करावा लागला. जे पाखरू स्वतःच पाळलं त्याचीच दहशत बसली.

गिरणगावकर, तुमच्यासाठी कामाचं. बॅगेतली औषधं तपासा. स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं तिथे चालत नाहीत. डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं एक महिन्यापुरती नेता येतात, त्याहून जास्त असतील तर आधी परवानगी काढा. आणि आजीने दिलेली चूर्णं घरीच ठेवा. जातीफलादि चूर्ण पोटासाठी उत्तम, पण शास्त्रोक्त असेल तर त्यात भांग असते. जानेवारी १९८० मध्ये बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीच्या बॅगेत नारिता विमानतळावर २१९ ग्रॅम गांजा मिळाला, नऊ दिवस आत बसला. तुमच्यासाठी तर कोणी गिटार घेऊन बाहेर उभंही राहणार नाही.

चाळीतला_बंड्या

गंमत म्हणजे त्यांच्या सात मसाल्यांच्या पुडीत, शिचिमीत, भांगेच्याच झाडाचं बी असतं. आमच्या ऑफिसच्या पार्टीत नूडल्सवर भुरभुरलं होतं. काही चढलं नाही.

पार्लेकरीण

बंड्या, बियांनी चढत नाही, म्हणूनच चालतं. गिरणगावकर, एक राहिलं. तिथे सगळे तापवायच्या सिगरेटवर गेलेत, आयकॉस वगैरे. ती २०१४ मध्ये पहिल्यांदा नागोयातच विकायला आली. तुम्हीही जाल बहुतेक. पण सुट्टीला येताना आणू नका, आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे.

गिरणगावकर

सगळ्यांचे आभार. सासूबाईंनी बॅगेसाठी पाठवलेली चूर्णाची बाटली बायकोने परत वसईला धाडली, फोनवर अर्धा तास स्पष्टीकरण झालं.

डबी घरातच सापडली. बाबा गिरणीत होते, त्यांची तंबाखू-चुन्याची, दोन्हीकडून उघडणारी. चुन्याच्या बाजूला राख, तंबाखूच्या बाजूला थोटूक, बरोबर बसतं. काल टपरीवर काढली. टपरीवाल्याने बघितलं आणि न विचारता हातावर चुन्याची पुडी ठेवली.