दगडावर दगड आपटून ग्रह कसा तयार होईल?

प्रश्न
चिलीतील आल्मा दुर्बिणींनी २०१४ मध्ये टिपलेले एचएल टॉरी या ताऱ्याचे चित्र मी अकरावीच्या वर्गात दाखवले. हा तारा सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूर असून आकाशात रोहिणीपासून जेमतेम दोन अंशांवर आहे. त्याचे वय फार तर दहा लाख वर्षे, तरीही भोवतालच्या, ज्यातून ग्रह घडतात त्या वायू आणि धुळीच्या तबकडीत कडी आणि फटी स्पष्ट दिसतात. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, धूळ धुळीला चिकटते हे पटले, पण दगडावर दगड आपटला तर फुटेलच ना?" जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद १
सर, विद्यार्थिनीने नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले आहे. सेंटिमीटरभर आकाराचे खडे एकमेकांना चिकटण्याऐवजी बहुधा उसळून दूर जातात. शिवाय तबकडीतील वायूला स्वतःच्या दाबाचा आधार असल्यामुळे तो दगडांपेक्षा किंचित सावकाश फिरतो. त्यामुळे दगडाला सतत समोरून वारा लागतो, त्याचा कोनीय संवेग (ताऱ्याभोवती फिरत राहण्याचा जोर) घटत जातो आणि पृथ्वीच्या अंतरावरचा मीटरभर दगड शंभरेक वर्षांत ताऱ्याकडे ओढला जातो. खगोलशास्त्रज्ञ वायडेनशिलिंग यांनी १९७७ मध्ये हे गणित मांडले. त्यातून सुटण्याची वाट युडिन आणि गुडमन या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवली : खड्यांचा दाट थवा वायूलाही आपल्याबरोबर ओढतो, वारा मंदावतो, बाहेरून सरकत येणारे खडे त्यात अडकतात आणि अखेर अख्खा थवा स्वतःच्या गुरुत्वाने आकसून एकदम कित्येक किलोमीटरचा पिंड तयार होतो. मीटरभराचा टप्पा येतच नाही.

प्रतिसाद २
वर्गात ॲरोकॉथ या नेपच्यूनपलीकडच्या छोट्या पिंडाचे छायाचित्र अवश्य दाखवा. १ जानेवारी २०१९ रोजी नासाचे न्यू होरायझन्स यान त्याच्याजवळून गेले. सुमारे ३६ किलोमीटर लांबीच्या या पिंडाचे दोन गोळे अरुंद मानेपाशी जोडलेले आहेत आणि तिथे चिरडल्याची खूण नाही. ते आपटले नाहीत, अलगद टेकले. थवा आकसताना हेच घडायला हवे.

प्रतिसाद ३
जीवसृष्टीच्या दृष्टीने एक भर घालतो. एचएल टॉरीच्या तबकडीच्या आतल्या भागात पृथ्वीवरील सर्व महासागरांच्या किमान तिप्पट पाणी वाफेच्या रूपात असल्याचे २०२४ मध्ये आल्मानेच दाखवले. मात्र कडी तयार झाली की बाहेरून येणारे बर्फाळ खडे तिथेच अडू शकतात. म्हणून ग्रह ताऱ्यापासून योग्य अंतरावर आहे एवढ्यावरून तो राहण्यायोग्य ठरवणे मला घाईचे वाटते. त्याच्यापर्यंत पाणी पोहोचले का, हे आधी पाहावे लागेल. आपल्या पृथ्वीच्या वस्तुमानातही महासागरांचा वाटा अवघा ०.०२ टक्के आहे.