फोटो जपायचे कुठे आणि दाखवायचे कुणाला? तुमचे अनुभव लिहा

शाहूपुरीची_सून: पंचगंगा चढतेय म्हणून माळ्यावरच्या पेट्या हलवत होते आणि २०१९ आठवलं. राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर पाणी, आमच्या लग्नाच्या अल्बमचा लगदा. सासूबाईंनी एकेक पान सोडवून गच्चीवर वाळवलं. वाचलेले फोटो दिरांनी स्कॅन करून ऑनलाइन अल्बममध्ये ठेवले, लिंक भावकीच्या ग्रुपवर टाकली. गेल्या महिन्यात त्यातलाच नणंदेचा फोटो अनोळखी प्रोफाइलवर दिसला. हॅक वगैरे काही नाही. लिंक ज्याच्या हाती गेली, त्याला अल्बम उघडत होता. पोरगी नीट जेवत नव्हती हो.

गल्लीतला: आधी अल्बमच्या सेटिंगमधनं लिंक शेअरिंग बंद करा. मग जुनी लिंक चालत नाही. ज्यांनी उतरवून घेतलेत, त्यांच्याकडं मात्र राहणारच.

महाद्वार_रोड: ताई, नणंदेला सांगा, तिचा काडीचा दोष नाही. एका स्टुडिओनं आमच्या लेकीचा बारशाचा फोटो न विचारता फ्लेक्सवर लावलेला, नावासकट! मी जाऊन भांडून आलो. मालक म्हणतो, "गोड दिसतीय की वो, बिघडलं कुठं?" फ्लेक्स उतरला, त्यांच्या पेजवर अजून हाय.

माजी_सैनिक: बंधाऱ्याची पातळी किती झाली? पोरगा शिरोळकडनं निघालाय.

गल्लीतला: काका, ३९ ला इशारा, ४३ ला धोका. सकाळी ३७ म्हणत होते.

नाव_नको: भाचीला एकजण खाजगी फोटो टाकायची धमकी देत होता. स्टॉपएनसीआयआय नावाची सोय आहे, १८ वर्षांवरच्यांसाठी. फोटो कुणाला द्यावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि तेवढाच जातो. फेसबुक, इन्स्टा त्यावरनं अडवतात. सगळ्या साइटी त्यात नाहीत, म्हणून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार केली. बायका-मुलांच्या बाबतीत तिथं नाव न देताही करता येते. रात्र रात्र झोपली नाही ती. तिच्या आईला अजून सांगितलेलं नाही.

महाद्वार_रोड: अगं बाई. जवळ घे तिला.

कळंबेकर: फोटोबरोबर घराचं ठिकाणही जातं का?

गल्लीतला: कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असलं तर फोटोत नोंद होते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच पोचते.

माजी_सैनिक: पोचला पोरगा जयसिंगपूरला, बहिणीकडं.

महाद्वार_रोड: बरं झालं काका. गल्लीतल्या भावा, त्या पेजची तक्रार कुठनं करायची?

गल्लीतला: दुकानात गिऱ्हाईक हाय, संध्याकाळी सांगतो. तोवर त्या पोस्टचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.