पोर्ट उघडू नका, आधी वॅन आयपी बघा

मोहन काका, सी-३०४:
राऊटरवर ८१२३ पोर्ट फॉरवर्ड केलाय (बाहेरून आत यायची वाट उघडलीय), रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचा आयपीही (नेटवर्कमधला पत्ता) फिक्स केलाय. तरी मोबाइल डेटावर होम असिस्टंट (घरातले दिवे, स्विच, कॅमेरे चालवणारा पायवरचा प्रोग्रॅम) उघडत नाही. घरच्या वायफायवर व्यवस्थित. गणपतीला दहा दिवस गावी जायचंय, त्याआधी व्हायला हवं. काय राहिलं?

अमृता, ए-७०२:
काका, तो पोर्ट आधी काढून टाका. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, काय दिसतो?

मोहन काका, सी-३०४:
१००.७२ ने सुरू होतोय.

अमृता, ए-७०२:
मग उघडणार नाहीच. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला की सीजीनॅट समजायचं. एकच पब्लिक आयपी इंटरनेट कंपनीने कित्येक घरांत वाटलेला असतो. तुम्ही फ्लॅटचं दार उघडून बसलात, पण मेन गेट त्यांच्या हातात आहे. पोर्ट फॉरवर्डिंग कितीही अचूक केलं तरी चालणार नाही.

रोहित, बी-१०१:
कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे आपल्या एकट्याचा कायमचा पत्ता, घेतला तर?

अमृता, ए-७०२:
चालेल, पण त्याचे वेगळे पैसे लागतात आणि लॉगिनचं पान साऱ्या जगाला दिसतं. उघडे पोर्ट शोधत फिरणारे बॉट दिवसरात्र चालू असतात. वर एचटीटीपीएस (मजकूर गुप्त ठेवणारी जोडणी) नसेल तर पासवर्ड उघडाच जातो. मी तरी कोणाला सांगणार नाही. स्टॅटिक आयपी घेतलाच तर वायरगार्ड हा व्हीपीएन (घरापर्यंतचा खाजगी बोगदा) बसवा, म्हणजे बाहेरून फक्त ५१८२० हा यूडीपी पोर्ट उघडावा लागतो.

सीजीनॅटमागे असाल तर टेलस्केल, हाही व्हीपीएनच. घरातलं मशीन स्वतः बाहेर कनेक्शन लावतं, त्यामुळे राऊटरला हात लावायचा नाही. घरगुती वापराला फुकट आहे.

१) होम असिस्टंटमध्ये टेलस्केल ॲड-ऑन (जोड-प्रोग्रॅम, नव्या आवृत्तीत त्याला 'ॲप' म्हणतात) टाका. हे फक्त होम असिस्टंट ओएस, म्हणजे पायवर त्याचीच पूर्ण सिस्टिम असेल तरच दिसतं. डॉकर कंटेनरवर (दुसऱ्या सिस्टिमच्या आत वेगळ्या कप्प्यात) असाल तर टेलस्केल त्या मशीनवरच वेगळं टाकायचं.
२) ॲड-ऑन सुरू करून वेब पान उघडा, लॉगिन करा. 'स्टार्ट ऑन बूट' आणि 'वॉचडॉग' (बंद पडलं तर परत सुरू करणारा) दोन्ही चालू.
३) फोनवर टेलस्केल ॲप, त्याच खात्याने लॉगिन.
४) पायला १०० ने सुरू होणारा नवा पत्ता मिळेल. वॅनचा १०० आणि हा १०० वेगळे, गोंधळू नका. होम असिस्टंट ॲपमध्ये बाहेरचा यूआरएल म्हणून हा पत्ता आणि पुढे :८१२३ टाका. आतला यूआरएल म्हणून १९२.१६८ वाला पत्ता आणि घरच्या वायफायचं नाव. अँड्रॉइडवर लोकेशनची परवानगी 'नेहमी' ठेवा, नाहीतर ॲपला वायफायचं नाव वाचताच येत नाही आणि घरचं नेट गेलं की घरात बसूनही दिवा लागत नाही.
५) सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: टेलस्केलच्या ॲडमिन पानावर पायसमोरच्या तीन टिंबांत 'डिसेबल की एक्स्पायरी' करा. लॉगिनची मूळ मुदत १८० दिवसांची असते. ती संपली की पाय गुपचूप बाहेर पडतो आणि पुन्हा लॉगिन करायला घरीच यावं लागतं.

रोहित, बी-१०१:
भर घालतो. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो. ऑफिसचा चालू केलात की टेलस्केल बंद. शिवाय टेलस्केलला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळा, नाहीतर फोन ते मारून टाकतो.

होम असिस्टंटच्या सूचना (नोटिफिकेशन) मात्र टेलस्केल बंद असलं तरी येतात, कारण त्या घरून बाहेर ढकलल्या जातात. फक्त सूचनेवरचं बटण दाबलं तर काही होत नाही.

वर्षा ताई, बी-६०३:
आमच्या सासूबाईंना व्हीपीएन वगैरे जमणार नाही. दुसरं काही?

अमृता, ए-७०२:
ताई, मग क्लाउडफ्लेअर टनेल: फोनवर व्हीपीएन न लावता साध्या वेब पत्त्यावर उघडतं. स्वतःचं डोमेन (वेबसाइटचं नाव) लागतं. '४०० बॅड रिक्वेस्ट' आलं तर घाबरू नका: कॉन्फिगरेशन फाइलमध्ये एचटीटीपीखाली ट्रस्टेड प्रॉक्सीजमध्ये १७२.३०.३३.०/२४ टाका, यूज-एक्स-फॉरवर्डेड-फॉर ट्रू करा आणि होम असिस्टंट रीस्टार्ट करा. इथे लॉगिनचं पान इंटरनेटवर असतं, म्हणून प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करायलाच हवं. डोकंच लावायचं नसेल तर होम असिस्टंट क्लाउडचं वर्गणीवालं खातं घ्या, अलेक्सा जोडणंही त्यात सोपं जातं.

मोहन काका, सी-३०४:
टेलस्केल जमलं! मोबाइल डेटावर उघडलं. कॅमेऱ्याचा एनव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) मात्र दिसत नाही.

अमृता, ए-७०२:
एनव्हीआरवर टेलस्केल नाही ना, म्हणून. ॲडमिन पानावर पायच्या रूट सेटिंग्जमध्ये घरचं सबनेट (घरातल्या सगळ्या पत्त्यांचा पट्टा) मंजूर करा. आणि घरचं नेटवर्क १९२.१६८.१ असेल तर बदलून १९२.१६८.५७ असं काहीतरी करा. गावच्या राऊटरवरही बहुतेक १९२.१६८.१ च असणार. मग फोन एनव्हीआर तिथल्याच नेटवर्कात शोधत बसतो. बदलल्यावर पायचं आयपी रिझर्व्हेशन, एनव्हीआरचा पत्ता आणि ॲपमधला आतला यूआरएल परत लावावं लागेल. हे जायच्या आदल्या रात्री करू नका.

रोहित, बी-१०१:
गावात रेंज दोन कांड्या असेल तर लाइव्ह कॅमेरे असलेला डॅशबोर्ड फिरतच राहतो. चार बटणांचा वेगळा डॅशबोर्ड बनवा, कॅमेऱ्याचा नुसता फोटो.

सलीमभाई, ए-२०४:
वायरिंगचं माझ्याकडून. राऊटर, ओएनटी (फायबरचा डबा) आणि पाय, तिन्हींना बॅकअप हवा. एकाला दिला तर उपयोग नाही. राऊटर-ओएनटी बहुतेक १२ व्होल्टवर, मिनी यूपीएस चालतो, पण ॲडॅप्टरवरचे अँपिअर बघून बेरीज करा. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर वेगळं लागतं.

राऊटर स्मार्ट प्लगवर लावू नका. लांबून बंद केलात की परत चालू करायला नेटच नाही! हँग होत असेल तर साधा घड्याळवाला टायमर लावा, पहाटे एकदा बंद-चालू.

प्रत्येक स्विचमध्ये 'वीज आल्यावर बंद' हे सेटिंग करा. नाहीतर लाइट जाऊन आली की रिकाम्या घरात गीझर तापत बसतो. ऑटो-ऑफ वीस मिनिटांचा, तोही स्विचच्या स्वतःच्या टायमरमध्ये. पाय बंद पडला तरी तो चालतो.

मोहन काका, सी-३०४:
गीझर १० अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर आहे. चालेल ना?

सलीमभाई, ए-२०४:
वॅट किती?

मोहन काका, सी-३०४:
३००० लिहिलंय.

सलीमभाई, ए-२०४:
म्हणजे १३ अँपिअर. प्लग वितळेल. आजच काढा, १६ अँपिअरचं मॉड्यूल लावू. गावी जाताना गीझरचा एमसीबीच पाडून जा, तिथून कोण आंघोळ करणार आहे?

अमृता, ए-७०२:
काका, शेवटची चाचणी: घरचा मेन पाडा, पाच मिनिटांनी चढवा, खाली पार्किंगमध्ये जाऊन वायफाय बंद करून ॲप उघडा. बॅकअप असला तरी एकदा तोही काढून बघा, सगळं थंड होऊन आपलं आपण उठतंय का ते कळेल. आठवडाभर आधी करा.

मोहन काका, सी-३०४:
पोर्ट काढला. प्लगही काढला. मेन रविवारी पाडतो, आज मालिका आहे.