अनुभव धागा: हिशेब मागायला गेलात तेव्हा सोबत कोण होतं?

नमस्कार मंडळी. भ्रष्टाचाराविरुद्ध लढणाऱ्या संघटना म्हटलं की २०११ चं अण्णा हजारेंचं उपोषण डोळ्यांसमोर येतं. मला त्याआधीची एक गोष्ट जास्त जवळची वाटते. १९९४ पासून राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने गावात मंडप टाकून मजुरांच्या हजेरीपटातली नावं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ज्याचं नाव, तोच उठून सांगायचा, 'मी त्या कामावर कधी गेलोच नाही.' 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा त्यांचीच. आपल्या राज्याचा माहिती अधिकार कायदा २००२ चा आणि देशाचा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झालेला. या दोन्हींमागे अशा संघटनांची कित्येक वर्षं आहेत.

तुमच्या वाट्याला आलेलं लिहा. काय जमलं, कुठे अडलं, दोन्ही.

माझं सांगते. आमच्या गल्लीतला काँक्रीटचा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला. मी तावातावाने माहिती अधिकारात अर्ज केला, 'या कामात भ्रष्टाचार झाला आहे का?' उत्तर आलं, 'अशी माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही.' मग एका नागरिक मंचाच्या काकांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, प्रश्न विचारायचा नाही, कागद मागायचा. कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, अंतिम देयक." कागद मिळाल्यावर ते टेप घेऊन स्वतः आले. पुस्तिकेत रुंदी ४ मीटर, रस्त्यावर ३.२. कामात वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो, हे मला तेव्हाच कळलं. कायद्याच्या कलम २ मध्येच आहे ते. रस्ता पुन्हा झाला, तरी आधीच्या देयकावर सही करणाऱ्याचं काय झालं ते आजपर्यंत कळलेलं नाही.

*

आमच्याकडे रोजगार हमीच्या कामांचं सामाजिक अंकेक्षण (गावकऱ्यांसमोर होणारी हिशेबाची तपासणी) झालं तेव्हा मी बारावीत होतो. मजूर संघटनेच्या दोघी ताई आठवडाभर वस्तीवर राहिल्या. घरोघरी जाऊन जॉबकार्ड आणि मस्टर (हजेरीपट) शेजारी शेजारी ठेवायच्या. माझ्या वडिलांच्या नावावर १२ दिवसांची हजेरी निघाली. त्या दिवसांत ते जिल्हा रुग्णालयात भरती होते आणि मी त्यांच्या उशाशी होतो. पैसे खात्यावर आले आणि गेलेही. वस्तीतली पासबुकं एका माणसाने 'एकत्र सांभाळायला' म्हणून ठेवून घेतली होती.

ग्रामसभेत नावं वाचायची ठरली. पण तो माणूस आमच्याच भावकीतला. आदल्या रात्री वडील म्हणाले, "जाऊ दे, उद्या लग्नाकार्याला तोंड दाखवायचंय." त्या ताईंनी त्यांना भरीला पाडलं नाही. एवढंच म्हणाल्या, "दादा, तुमचं नाव आम्ही वाचू. उठायचं की नाही ते तुम्ही ठरवा." दुसऱ्या दिवशी आधी आमच्या शेजारची विधवा काकू उठली, मग तिघे, मग वडील. वसुलीचा आदेश निघाला, थोडी रक्कम परतही आली. भावकीत मात्र दोन वर्षं कुणी बोललं नाही. आई अजून म्हणते, त्या काकूंचं उठणं मी विसरणार नाही.

*

मी टेबलाच्या पलीकडचा. सहा वर्षं जन माहिती अधिकारी, म्हणजे कार्यालयात आलेल्या माहितीच्या अर्जांना उत्तर देणारा होतो, आता निवृत्त आहे. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे खरं तर बरीच माहिती आम्हीच होऊन जाहीर करायची असते. आमच्याकडे ती होत नव्हती. एका संस्थेच्या कार्यकर्त्यांनी आमच्याबरोबर बसून नोंदवह्यांची सूची करून दिली. त्यानंतर अर्ज निम्म्याने कमी झाले, कारण लोकांना फलकावरच उत्तर दिसायचं.

कटू बाजूही सांगायला हवी. काही जण अर्जांचा पाऊस पाडायचे आणि मग निरोप यायचा, 'भेटून मिटवू.' अशा एकेका माणसामुळे आमच्या सहकाऱ्यांना पुढचा प्रामाणिक अर्जदारही खंडणीखोर वाटू लागतो. चांगल्या संस्थांनी अशांना उघडपणे दूर करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

*

वाळूच्या उपशाबद्दल मी एकट्याने अर्ज केला होता. चौथ्या दिवशी दोन गाड्या दारात. माझा पत्ता त्यांना कुठून मिळाला, हे सांगायला नकोच. तळेगाव दाभाड्यात जमिनींची प्रकरणं बाहेर काढणाऱ्या सतीश शेट्टींचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला, ते बायकोच्या डोक्यातून जाईना. मी अर्ज मागे घ्यायच्या बेतात होतो.

संघटनेच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा कुणी शौर्याचे धडे दिले नाहीत. पोलिसांत लेखी तक्रार द्यायला चौघे बरोबर आले. पुढच्या आठवड्यात माझ्याच अर्जाचा मजकूर ११ जणांनी आपापल्या नावाने टाकला, त्यात तीन गावांतल्या बायकाही होत्या. मग कुणाच्या दारात गाडी उभी करणार? माझ्याकडे पुन्हा कुणी आलं नाही.

*

लाचलुचपत विभागाच्या १०६४ वर फोन मीच केला, पण धीर दिला तो तालुक्यातल्या एका संस्थेच्या वकीलबाईंनी. फेरफार नोंदीसाठी पैसे मागितले होते. आधी मागणीची पडताळणी, मग पंच (साक्षीदार), मग पावडर लावलेल्या नोटा. नोटा आपल्याच खिशातल्या द्याव्या लागतात, हे आधी माहीत नव्हतं; त्या नंतर परत मिळाल्या. सापळा एका दुपारी संपला, साक्ष पाच वर्षांनी झाली. उलटतपासणीत मी गडबडलो तर काय, या भीतीने आदल्या रात्री झोप नव्हती. त्या बाई कोर्टात मागच्या बाकावर बसून होत्या.

*

आमची समिती बंद पडली. सगळं एका माणसावर चालायचं आणि तो आजारी पडला. राज्य माहिती आयोगाकडे केलेली तीन द्वितीय अपिलं (माहिती न मिळाल्यावर मागितलेली दुसरी दाद) कुठल्या कपाटात आहेत, तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांचा हिशेब मागणाऱ्यांनी वर्गणीची वहीसुद्धा धड ठेवली नव्हती, याचं वाईट वाटतं. आता सहा जणी मिळून पुन्हा सुरुवात करतोय. पहिली खरेदी म्हणजे आवक-जावक नोंदवही.

*

सगळं वाचलं. मला शाळेच्या पोषण आहाराच्या धान्यसाठ्याची माहिती हवी आहे. अर्ज लिहिलाय, पण १५० शब्दांत बसत नाही. कुणी बघून देईल का?

*

द्या इथेच, नाव-पत्ता काढून. कारण लिहिलं असेल तर ते आधी खोडा, माहिती कशाला हवी हे सांगावं लागत नाही. विषय एकच ठेवा. साठा नोंदवहीची प्रत मागा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते लिहा. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच. ३० दिवस त्या शिक्क्यापासून मोजायचे. पोच द्यायला कुणी कां-कूं केली तर तिथूनच फोन करा, मी येते.