पार्करने जागा 'सोडली' नव्हती, त्याला सांगण्यात आलं होतं

तिरका_पास
शेजारच्या 'ज्येष्ठांनी कधी थांबावं' या धाग्यावर निवांत_नानांनी एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, टोनी पार्करचा दाखला दिलाय. म्हणणं थोडक्यात असं: जानेवारी २०१८ मध्ये पार्करने आपणहून सॅन अँटोनियो स्पर्स संघातली पॉइंट गार्डची (खेळ चालवणाऱ्या खेळाडूची) जागा पोरसवदा डेजोंटे मरेला दिली, याला म्हणतात त्याग, आपल्याकडच्या सीनिअर मंडळींनी यातून शिकावं. खाली 'अगदी अगदी'ची रांग. तिथे लिहिलं तर अवांतर म्हणून उडेल, म्हणून हा वेगळा धागा.

नाना, आपणहून? कोच पॉपोविचने त्याला सांगितलं की आता वेळ आली आहे, आणि तो 'ठीक आहे' म्हणाला. नाही म्हणाला असता तरी २१ जानेवारीला इंडियानाविरुद्ध मरेच उतरणार होता. कोचचा निर्णय झाल्यावर खेळाडूने मान डोलावली, तर त्याला समजूतदारपणा म्हणा. त्यागाची पदवी कशाला?

दुसरं म्हणजे, मे २०१७ मध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) दुसऱ्या सामन्यात त्याच्या डाव्या मांडीचा स्नायू गुडघ्याशी जोडणारा कंडरा तुटला. फ्लोटर, म्हणजे अलगद उंच टाकलेला चेंडू, टाकून खाली आला आणि त्याला उचलून न्यावं लागलं. पार्करचा सगळा खेळ पहिल्या पावलावर होता. स्क्रीन (बचाव करणाऱ्याची वाट अडवणारा साथीदार) आला की खांदा खाली, दोन ढांगांत बास्केटखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात, आणि उंच माणसाच्या हातावरून तो अलगद टाकलेला चेंडू. परत आला तेव्हा खांदा तसाच खाली जायचा, पण बचाव करणारा अजून समोरच असायचा. त्या मोसमात सरासरी ७.७ गुण, कारकिर्दीतली सगळ्यात कमी. दुसरीकडे मरे, गार्ड असून एकवीस-बावीस मिनिटांत सामन्याला साडेपाचच्या वर रिबाउंड (हुकलेले चेंडू पकडणं), लांबलचक हात, आणि मोसम संपताना ऑल डिफेन्सिव्हच्या, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूंच्या, दुसऱ्या संघात. ही जागा दिलेली नाही, गेलेली आहे.

निवांत_नाना
माझ्या नावाने धागा काढल्याबद्दल आभार. सांगितल्यावर हसत मान्य करणं हाच त्याग असतो, हे तुमच्या वयाच्या लोकांना कळायला वेळ लागतो. पार्कर तेव्हा ३५ वर्षांचा. चार विजेतेपदं, २००७ च्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू. समोर २१ वर्षांचं पोर. पार्करने पत्रकारांपुढे एक वाकडा शब्द काढला असता तर अर्धं सॅन अँटोनियो पॉपोविचवर तुटून पडलं असतं. काढला नाही. उलट मरेला शिकवत बसला. आताचे तारे पाहा, दोन सामने बाकावर बसवलं की एजंट ट्रेडची (दुसऱ्या संघात पाठवण्याची) मागणी घेऊन हजर. पगार कोटींत आणि सहनशक्ती शून्य. यावर कधीतरी सविस्तर लिहिणार आहे.

तिरका_पास
सविस्तर लिहाच, पण आधी २००१ बघा. पार्कर १९ वर्षांचा, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, २८ वा, फ्रान्सहून आलेला. मोसमाचे चार-पाच सामने होतात न होतात तोच अँटोनियो डॅनिअल्सला बाकावर बसवून याला सुरुवातीच्या पाचांत घेतलं. डॅनिअल्सच्या त्यागावर लेख वाचलाय का कोणी?

आणि २००३. नेट्सविरुद्ध विजेतेपदाच्या सहाव्या सामन्यात शेवटचा क्वार्टर स्पीडी क्लॅक्स्टनने खेळून काढला, पार्कर बाकावर. त्याच उन्हाळ्यात स्पर्स नेट्सच्याच पॉइंट गार्डच्या, जेसन किडच्या मागे लागले होते. तेव्हा पार्कर काही 'घ्या किडला, मी बसतो' म्हणाला नव्हता. जागा माझी आहे हे त्याने पुढच्या वर्षी खेळून दाखवलं, आणि बरोबरच केलं. तुमचे संस्कार असे सोयीने पस्तिशीतच उगवतात.

धंतोलीचा_डावखुरा
नानाचं एक बरोबर आहे राजेहो, मुकाट्यानं बसनं सोपं नाही. पन माह्यं दुखनं उलटं आहे.

आमच्या नागपुरात मी एका संघाकडून खेळत होतो. पॉइंट गार्ड होता आमचा सीनिअर, खेळाडू कोट्यातून सरकारी नोकरीत चिकटलेला. प्रॅक्टिसले येनं नाही, पोट सुटलेलं, पन मॅचच्या दिवशी नवे बूट घालून सगळ्यात पहिले हजर. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता सिमेंटचं कोर्ट कसं तापते हे ज्याले माहीत आहे त्यालेच माहीत. आमी पोट्टे तिथं ड्रिल करून राह्यलो, अन् हा स्कूटरवर बसून सांगून राह्यला का 'डाव्या हातानं लेअप नको मारू बे'. मी डावखुरा आहो! मले पूर्ण सीझनमदे शेवटचे दोन मिनिटं भेटत, तेबी वीस पॉइंटनं हारून राह्यलो असलो तर. कोच सरले विचारलं तर म्हने, 'तो सीनिअर आहे, त्याले वाईट वाटन.'

म्हनून मले पॉपोविच आवडते. वाईट वाटू दे न बाप्पा.

ऑस्टिनची_आत्या
कोर्टवर काय चाललं होतं ते कोणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते. आय-३५ महामार्गाच्या ट्रॅफिकमध्ये जीव काढून आम्ही सॅन अँटोनियोला सामने बघायला जायचो. त्या मोसमातला एक टाइमआउट लक्षात आहे. मरेने दोनदा चेंडू फुकट घालवला होता. पॉपोविच त्याच्याकडे बघतही नव्हता, ते त्याचं ओरडण्यापेक्षा वाईट. पार्कर सरकून मरेच्या बाजूला आला, टॉवेल तोंडावर धरून काहीतरी बोलला आणि हाताने दाखवलं, स्क्रीनला इतकं चिकटून जा की मधून कागद जाणार नाही. पुढच्या वेळी पोराने तेच केलं. तिरका_पास, तुम्ही आकडे द्या, पण हे कोणी सांगितलं म्हणून होत नाही.

आणि स्वार्थ बघायचा असेल तर त्याच संघात, त्याच वर्षी, शेजारच्याच लॉकरमध्ये होता की! संघाचा तारा काव्हाय लेनर्ड. मांडीच्या दुखापतीमुळे अख्ख्या मोसमात नऊ सामने. संघाचे डॉक्टर म्हणतात खेळ, हा न्यूयॉर्कला आपल्या डॉक्टरांकडे. सलग १८ मोसम ५० विजय मिळवणारा संघ ४७ वर आला तो याच्यामुळे. पार्कर मार्चमध्ये बोललाच, दुखापत तशीच पण माझी शंभर पटीने वाईट होती. शाब्बास म्हटलं.

फुलकोर्ट_प्रेस
झालं, आला काव्हाय. आत्या, राग मानू नका, पण पार्करचं ते वाक्य मला आजही संताप आणतं. दुसऱ्याच्या मांडीत काय चाललंय हे याला कसं कळलं?

मी राज्याकडून खेळले आहे. निवड चाचणीच्या आधी गुडघा वळला. आमचे कोच मुलींसमोर म्हणाले, 'नाटकं नकोत, मागच्या वर्षी अमकी टाचेत फ्रॅक्चर घेऊन खेळली होती.' क्रेप बँडेज गुंडाळून, स्प्रे मारून उतरले. लेअपला उडाले आणि खाली येताना आतून ताडकन आवाज आला, तो बाकावरच्या मुलींनीही ऐकला. लिगामेंट गेलं. त्यानंतर मी खेळले ते फक्त ऑफिसच्या स्पर्धेत. ती टाचेतलं फ्रॅक्चर घेऊन खेळलेली मुलगी आज जिना उतरताना कठडा धरते. 'माझी शंभर पटीने वाईट होती' म्हणणारा प्रत्येक सीनिअर मला त्या कोचसारखाच दिसतो.

ऑस्टिनची_आत्या
तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण तुम्ही खेळलात! काव्हायला कोणी बँडेज बांधून ढकललं नव्हतं. जगातली सगळ्यात चांगली वैद्यकीय टीम दिमतीला होती. संघाच्या बाकावरसुद्धा क्वचित दिसायचा.

फुलकोर्ट_प्रेस
'पण तुम्ही खेळलात' हे कौतुक म्हणून लिहिलंत का? मी खेळायला नको होतं, हाच माझा मुद्दा आहे. आणि टीमचा डॉक्टर पगार कोणाकडून घेतो?

निवांत_नाना
डॉक्टरांवर असा सरसकट संशय बरा नव्हे. माझा भाचा स्वतः ऑर्थोपेडिक आहे.

फुलकोर्ट_प्रेस
भाच्याला नमस्कार सांगा. तोही सांगेल की दुसरं मत घेणं हा पेशंटचा हक्क आहे.

तिरका_पास
लोकहो, धागा मरे-पार्करचा आहे.

ऑस्टिनची_आत्या
मोसमच काव्हायमुळे फिसकटला, तर त्याच्याशिवाय कसा बोलणार? मूळ मुद्दा टाळू नका.

धंतोलीचा_डावखुरा
बरं, मी आनतो वापस. खेळाच्या हिशोबानं मरेले घेनं मले पूर्न पटलं नव्हतं, सांगून ठेवतो. पोट्ट्याचा डिफेन्स एक नंबर, पन थ्रीचा (लांबून तीन पॉइंटच्या शॉटचा) पत्ताच नाही. समोरचा गार्ड त्याले सोडून सरळ आत जाऊन उभा राहे, आपल्या उंच ऑल्ड्रिजच्या मांडीवर. ऑल्ड्रिज बिचारा २३ ची अॅव्हरेज काढून राह्यला तेबी दोन-दोन मानसं अंगावर घेऊन. पार्करच्या मिड रेंजले (मधल्या अंतरावरच्या शॉटले) निदान कोनीतरी बाहेर तरी ये. पहिल्या राउंडमदे वॉरिअर्सनं ४-१ नं घरी पाठवलं ते उगाच नाही.

तिरका_पास
शूटिंगबद्दल मान्य. नाइलाजाने. पण त्या वॉरिअर्ससमोर काव्हायशिवाय कोणताही पॉइंट गार्ड घातला असता तरी निकाल तोच होता. कोच त्या एप्रिलचा विचार करत नव्हता, पुढच्या पाच वर्षांचा करत होता.

निवांत_नाना
पुढच्या पाच वर्षांचं काय झालं तेही सांगा ना. ऑक्टोबर २०१८, सरावाच्या सामन्यात मरेचा गुडघा गेला, पूर्ण मोसम बाहेर. तोपर्यंत पार्कर शार्लटच्या संघात. म्हणजे अनुभवी माणूसही गेला आणि तरुणही. घाई केली की असं होतं.

तिरका_पास
लिगामेंट तुटणं ही घाईची शिक्षा? मग पार्करचा कंडरा कशाची शिक्षा होती? आणि त्या रिकाम्या जागेवर डेरिक व्हाइट उभा राहिला, तोही मरेसारखाच ड्राफ्टमध्ये २९ वा. एप्रिल २०१९ मध्ये डेन्वरविरुद्ध प्लेऑफमध्ये एका सामन्यात ३६ गुण. मरे परत आला, २०२२ मध्ये ऑल स्टार झाला. मग त्याला अटलांटाला देऊन ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे तीन पिक (निवडीचे हक्क) घेतले. घाटा कुठे झाला तेवढं दाखवा.

आणि शार्लट तुम्हीच काढलंत ते बरं झालं. पार्कर तिथे गेला कारण त्याला अजून खेळायचं होतं. स्पर्सकडे त्याच्यासाठी उरलं होतं ते शिकवण्याचं काम. वीस वर्षं एकाच संघाकडून खेळायचं म्हणणारा माणूस सतराव्या मोसमानंतर दुसरी जर्सी घालून कोर्टवर उतरला, सामन्याला साडेनऊ गुण केले आणि २०१९ मध्ये निवृत्त झाला. यात त्याला कमी लेखत नाहीये मी. उलट तुम्हीच त्याला फोटोत बसवून हार घालताय. तो चिवट होता, जागेसाठी भुकेला होता, म्हणून तर मोठा झाला.

धंतोलीचा_डावखुरा
हे बेस्ट लिहिलं. त्याग पाहाचा असन त स्पर्सच्याच जिनोबिलीचा पाहा. ऐन भरात होता तवा बेंचवरून आला, २००८ मदे सिक्स्थ मॅन (बेंचवरून येनाऱ्यांत सर्वोत्तम) झाला. पार्करचं ते वेगळं.

निवांत_नाना
ठीक. माझ्या लेखात 'आपणहून'च्या जागी 'सांगताक्षणी' असं वाचावं. बाकी लेख जसाच्या तसा राहील. आणि डावखुऱ्यांच्या त्या सीनिअरला पार्करशी जोडू नये, ही विनंती. पोट सुटलेला माणूस आणि पार्कर यांच्यात फरक आहे.

धंतोलीचा_डावखुरा
फरक कोचमदे आहे नाना. आमचा सीनिअर कमीत कमी पाच वर्षं तसाच खेळला. त्याले कोनी सांगितलंच नाही.

ऑस्टिनची_आत्या
सगळ्यांचं जमलं वाटतं. मी मात्र काव्हायबद्दलचा एक शब्दही मागे घेणार नाही. २०१९ मध्ये टोरंटोला विजेतेपद मिळवून दिलं तेव्हा मांडी ठणठणीत होती ना? मग आदल्या वर्षी काय झालं होतं?

फुलकोर्ट_प्रेस
वेळ दिला की बरी होते हो मांडी. टोरंटोलाही तो साखळीत ६०च सामने खेळला, बाकी वेळ त्यांनी त्याला बसवून ठेवला. आणि 'नाटकं नकोत' असं तिथे कोणी म्हटल्याचं मी तरी वाचलेलं नाही.