दिवसभर ठीक असते, रात्री मात्र एकेक वाक्य डोक्यात फिरत राहतं. कोणाला होतं का असं?

अबोली
नमस्कार, विचारू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. दिवसभर माझं सगळं नीट चालतं, काम होतं, हसणं-बोलणं होतं, पण रात्री दिवा बंद केला की दिवसभरात कोणाशी काय बोलले ते पहिल्यापासून सुरू होतं. आत्ताचंच सांगते, मीटिंगमध्ये मी एका सहकाऱ्याला विचारलं की शेवटच्या आठवड्यात टेस्टिंग बसेल ना, तर तो फक्त 'बघू' म्हणाला आणि पुढची स्लाइड लावली. बस, एवढंच झालं. पण त्या 'बघू'चा सूर कसा होता, बाकीचे गप्प का झाले, मी त्याला सगळ्यांसमोर अडचणीत आणलं असं त्याला वाटलं असेल का, हेच चालू राहतं आणि घड्याळात दोन वाजतात. घरचे म्हणतात मनाला लावून घेऊ नकोस. पण ते घ्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं??

शांतनु_के
सेम टू सेम. मी मोबाईल बघत पडतो, तेवढ्यापुरतं थांबतं आणि मोबाईल ठेवला की परत सुरू. वाचतोय.

मोकळा श्वास
अहो ताई, सोडून द्या हो. असा विचार आला की लगेच दुसरं काहीतरी चांगलं आठवायचं, मन आपोआप शांत होतं.

रातवा
मोकळा श्वास, तुम्ही चांगल्या मनाने सांगताय, पण रात्री अंथरुणात पडल्या पडल्या विचार दाबायला गेलं की बहुतेकांच्या बाबतीत उलटंच होतं. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांचा १९८७ चा प्रयोग आहे. त्यांनी लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या आणि नंतर जेव्हा त्याच लोकांना अस्वलाचा खुशाल विचार करा म्हटलं, तेव्हा आधी न दाबलेल्या लोकांपेक्षा यांच्या डोक्यात ते जास्त आलं. म्हणून अबोलीताई, दाबू नका, त्याला वेळ द्या, फक्त तो अंथरुणातला नको.

काळजीची वेळ ठरवायची ही पद्धत टॉम बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासून बघितली होती. रोज एकच वेळ, एकच जागा, साधारण अर्धा तास, आणि झोपायच्या बऱ्याच आधी. दिवसा असा विचार आला की एका ओळीत टिपून ठेवायचा आणि मनाला सांगायचं की सात वाजता बघू. मी हे करते. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारते, डावीकडे फक्त तेच लिहिते जे कॅमेऱ्यात दिसलं असतं, आणि उजवीकडे मी त्यात जे भरलं ते. तुमचंच घ्या, डावीकडे एकच ओळ येईल: 'बघू म्हणाला, पुढची स्लाइड लावली.' बाकी सगळं, राग, अपमान, सगळ्यांचं मत, उजवीकडे. पहिल्यांदा असं पान भरलं ना, तेव्हा डावी बाजू जवळजवळ कोरी बघून मला रडूच आलं, इतकं हलकं वाटलं.

अजून एक, वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर सरळ उठा. मंद दिव्यात काहीतरी संथ वाचा आणि डोळे जड झाले की मगच परत आडवं व्हा. तळमळत पडून राहिलं की मेंदू अंथरुणाचा संबंध जागण्याशी जोडतो. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्येच हे मांडलं आणि निद्रानाशाच्या उपचारात अजूनही वापरतात. झोपेचं औषध स्वतःच्या मनाने मात्र सुरू करू नका.

अबोली
रातवा, खूप खूप आभार, ते डाव्या-उजव्या बाजूचं आजच करणार. पण एक शंका आहे. इतका विचार करते म्हणून तर मी माणसांशी नीट वागते असंही वाटतं हो. तो बंद केला तर मी बेफिकीर होणार नाही ना?

चिंतनशील
ही शंका फार महत्त्वाची आहे आणि बरेच लोक इथेच अडकतात, कारण असं रवंथ करताना, म्हणजे तेच ते मनात घोळवताना, आपण प्रश्न सोडवतोय असंच वाटत असतं. सुसान नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञांनी यावर आयुष्यभर काम केलं. १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मोठा भूकंप झाला, त्याच्या थोडंच आधी योगायोगाने त्यांच्या टीमने तिथल्या विद्यार्थ्यांकडून मन उदास असताना तुम्ही काय करता याची माहिती भरून घेतली होती. भूकंपानंतर परत तपासलं तर ज्यांना आधीपासून तेच ते उगाळायची सवय होती त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त निघाली. नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की मन खाली असताना उगाळत बसलेल्या लोकांना अडचणींवर सुचलेले उपायही कमी दर्जाचे होते. म्हणजे ज्या नीट वागण्यासाठी आपण जागतो तेच त्यातून साधत नाही.

मी स्वतःला एकच विचारतो, यातून उद्या करायची एखादी गोष्ट निघाली का? निघाली तर लिहून टाकायची, उदा. 'सकाळी त्याला टेस्टिंगच्या तारखा विचारायच्या'. आणि अर्धा तास घालवूनही काही निघालं नाही, तर तो विचार संपलाय, आता नुसती चक्रं फिरतायत.

शिवाय समोरच्याच्या मनाचा आपला अंदाज खालीच असतो. २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी अनोळखी लोकांना गप्पा मारायला लावून नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं, तर समोरच्याला आपण जितके आवडलो होतो त्यापेक्षा कमी आवडलो असंच बहुतेकांना वाटत होतं. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये हा गैरसमज कित्येक महिने टिकला. तो 'बघू'वाला कदाचित तुमचा प्रश्न विसरूनही गेला असेल.

डॉ_सायली
मी डॉक्टर आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. वरचे उपाय चांगले आहेत, पण अबोली, तुम्ही फक्त रात्रीबद्दल लिहिलंय म्हणून विचारते. आवडीच्या गोष्टींत रस कमी झालाय का, भूक बदलली का, पुरेशी विश्रांती होऊनही थकवा आहे का? असं दोन आठवडे जवळजवळ रोज असेल तर वही पुरणार नाही, डॉक्टरांना भेटा. थायरॉइड किंवा रक्त कमी असल्यानेही असं होतं, ते साध्या रक्ततपासणीत कळतं. आणि जगणं नकोसं वाटतंय असा विचार एकदा जरी आला तरी वाट बघू नका, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि मदत घ्या. हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठीच लिहितेय.

अबोली
रस आहे मॅडम, पण थकवा आहे, तपासून घेते. समुपदेशकाकडे जावंसं बऱ्याचदा वाटलंय पण तिथे जाऊन सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

रातवा
सुरुवात तुम्हीच करायची असं काही नसतं, ते प्रश्न विचारतात. तोंडातून शब्द फुटला नाही तर वहीतलं एक पान काढून हातात द्या, मी तेच केलं होतं. आणि पहिल्या माणसाशी सूर जुळला नाही तर दुसरीकडे जायला अजिबात संकोच करू नका, त्यात कोणाचाच अपमान नाही.