होर्ती कधी मागं पडलं ते आठवेना

बी-३०२ : काकू, काल रात्री तुमचे दोन फोन आले, उचलले नाहीत. माफ करा. गाडी लावून झोपले होते. काय झालं ते सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनाच सांगते, कारण आपल्यातले कितीतरी जण दर आठवड्याला पुणे नाहीतर हैदराबाद करतात.

हंपी-बदामी आम्ही दोघांनी चार दिवस केलं. हे होस्पेटहून रेल्वेनं बंगळुरूला ऑफिसला गेले, गाडी मी एकटीनं सोलापूरला घरी आणायची ठरलं. साधारण तीनशे किलोमीटर. पहाटे मातंग टेकडीवर सूर्योदय बघायला गेलो होतो, म्हणजे मी चारपासून जागी. आणि निघाले दुपारी चारला. कुष्टगी, इलकल, निडगुंदीजवळ कृष्णा, सगळं मजेत. विजापूर सुटलं तेव्हा आठ वाजून गेले होते. आता राहिले शंभरेक, घर आलंच, म्हणून चहालाही थांबले नाही.

पुढं अचानक दिव्याच्या उजेडात ऊस लोंबताना दिसला. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर पाचटाखाली झाकलेला. ब्रेक लागला, वाचले. पण खरी भीती नंतर वाटली. झळकीची पाटी आली आणि लक्षात आलं की त्याआधीचं होर्ती कधी गेलं ते आठवतच नाही. डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, आणि अख्खं गाव गायब.

झळकीला पंपावर उजेडात गाडी लावली, दारं लॉक केली, वीस मिनिटांचा गजर लावला. टाकळीला भीमा ओलांडली तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

ए-१०१ काकू : अगं माफी कसली! मी दोनदा खाली जाऊन वॉचमनला विचारून आले, गाडी आली का म्हणून. झोपलीस ते फार बरं केलंस.

ए-४०३ काका : तीस वर्षं गाडी चालवतोय. काच खाली करायची, गाणी मोठ्यानं लावायची. झोप येत नाही.

सी-२०१ डॉक्टर : काका, त्यानं दोन-चार मिनिटं तरतरी वाटते, झोप जात नाही. ताईंना झालं त्याला मायक्रोस्लीप म्हणतात, मेंदू काही सेकंद झोपतो. ताशी ८० च्या वेगात ३ सेकंदांत गाडी ६५ मीटरच्या पुढं जाते. त्यावर औषध झोपच. कॉफी पिऊन लगेच १५-२० मिनिटं पडावं. कॉफीचा असर व्हायला अर्धा तास लागतो, तोवर डुलकी होऊन जाते. उठल्यावर पाच मिनिटं चालावं, मगच चावी फिरवावी.

ए-४०३ काका : बरं. हे माहीत नव्हतं.

बी-२०२ : ट्रॉलीचं मी बोलतो, आमचाही ऊस जातो. कारखान्यानं रिफ्लेक्टरची कापडं दिली आहेत, मागं बांधायला मिनिट लागत नाही. आमच्या टोळीला आज सांगतो, बांधल्याशिवाय ट्रॉली शेतातून हलवायची नाही. हायवेवर अशी ट्रॉली बंद पडलेली दिसली तर १०३३ ला, हायवेच्या हेल्पलाइनला, फोन करा.

ए-१०१ काकू : आणि इलकलला थांबलीस की नाही? साडी?

बी-३०२ : तुमच्यासाठी एक आणली आहे काकू, संध्याकाळी घेऊन येते. बी-१०४, तू शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रात्रीच पुण्याला निघतोस ना? तुझ्यासाठीच एवढं लिहिलं.

बी-१०४ : वाचलं ताई. मागच्या महिन्यात भिगवणजवळ मलाही असंच झालं होतं, घरी सांगितलं नाही. या वेळी शनिवारी पहाटे चारला निघतो.

सी-२०१ डॉक्टर : चारला नको. पहाटे झोपेचा जोर सगळ्यात जास्त असतो. रात्रभर नीट झोप आणि सहाला निघ.

बी-१०४ : सहाला निघतो.

ए-१०१ काकू : मग टेंभुर्णीपर्यंत मी येते तुझ्याबरोबर, माझी बहीण आहे तिथं. कडक भाकरी न् शेंगाचटणी बांधून घेते. पावणेसहाला गेटपाशी उभी राहते.